झाकण नसलेलं मशीन

"आतलं दिसलं पायजे," म्हणत ताई संगणकाचं पत्र्याचं झाकण काढायची, ते पुन्हा लावायचीच नाही. न्हावा शेवा बंदरातला माल सोडवणाऱ्या आमच्या क्लिअरिंग ऑफिसात ती कॉम्प्युटर ऑपरेटर होती, खाडीकाठच्या गावातली. विंडोज चालवता आली की संगणक आला, असं आम्हा नेरूळच्या फ्लॅटवाल्यांना वाटायचं. ताईनं मात्र अडगळीत पडलेलं एक मशीन साहेबांकडून मागून घेतलं आणि मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं. "ताई, रस्ता सोडून बांधावरून कशाला चालतेस?" आम्ही चिडवायचो. ती हसून डब्यातले बोंबील पुढे करायची.

कारण नंतर कळलं. तिचे वडील आधी मिठागरात होते, मग जहाजावर खलाशी. तिथे ते बॅकगॅमन शिकले. दोन फासे, प्रत्येकी पंधरा सोंगट्या. आपल्या सारीपाटाचा परदेशी चुलतभाऊच म्हणा. गावात हा खेळ येणारा दुसरा एकच माणूस, त्यांचा जहाजावरचा सोबती. तो वारला आणि म्हाताऱ्यानं पट माळ्यावर टाकला, बोलणंही टाकलं. ताईला बाबांसाठी भिडू हवा होता, आणि लिनक्सच्या त्या सीडीवर बॅकगॅमन होतं.

एका शनिवारी ती त्यांना ऑफिसात घेऊन आली. पडद्यावर चित्रं नव्हती, नुसत्या अक्षरांच्या सोंगट्या. मशीनला लागोपाठ दोनदा सहा-सहा पडले आणि म्हातारा ताडकन उठला.

"लबाड हाय! फासं कोनी टाकलं? मना दिसलं नाय."

आम्ही फिदीफिदी हसलो. आज त्याची लाज वाटते. ताई हसली नाही. "बाबाचं खरं हाय," एवढंच म्हणाली.

तो खेळ कसा लिहिलाय ते कुणालाही उघडून वाचता येत होतं, बदलताही येत होतं. जेवणाच्या सुट्टीत ताई ते वाचत, बदलून बघत बसायची. मध्ये एकदा मशीन स्वतःच्या सोंगट्या उलट्या दिशेनं चालवायला लागलं, तेव्हाही आमची करमणूक झाली. महिन्याभरानं तिनं बाबांना पुन्हा आणलं आणि हातात खरे फासे दिले. मशीनचं फासे टाकणंच तिनं काढून टाकलं होतं.

"मशीनचं पन मीच टाकू?"

"तूच टाक, बाबा. काय पडलं तेवढं त्याला सांग."

म्हाताऱ्यानं मशीनसाठीही फासे चांगले खुळखुळवून टाकले. एकही आकडा खोटा सांगितला नाही. आणि हरला. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "आता खरा हारलो. परत मांड!"

ताईनं पदरानं डोळे पुसले. माझी छाती मात्र उगाचच फुगली. आमच्या ऑफिसातली होती ना ती!

पुढे ते मशीन बाबांकडे ठेवून ताई बंगळुरूला मोठ्या नोकरीवर गेली. एकदा मुद्दाम तिच्या गावच्या घरी डोकावलो. म्हातारा मशीनसमोर बसून दोघांचे फासे टाकत होता. झाकण अर्थातच नव्हतं. आतल्या तारांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "बगितलंस? हे सगलं माझे पोरीनी लिवलंय."

तारांमध्ये लिहिलेलं काही दिसत नसतं. मी वाकून नीट पाहिलं आणि म्हटलं, "दिसतंय की, काका."