अम्मांचं ‘सुत्तु’

सासूबाईंचा उजवा हात पक्षाघाताने लुळा पडला, तेव्हा व्यायाम शिकवायला येणारी मुलगी प्लास्टिकचं एक गोल कडं घेऊन आली. कडेने खुंट्या, सोबत एक आकडी. यावर लोकर विणायची, बोटं हलायला लागतात, म्हणाली. चाळीस वर्षं सरस्वतीपुरमच्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज शिवलेल्या सासूबाईंनी ते खेळणं पलंगाखाली सरकवलं. तीन महिने हात मांडीवर तसाच पडून. म्हणून मी ठरवलं, आधी आपण शिकू, मग त्यांना शिकवू. कुठून बुद्धी सुचली देव जाणे.

मी साताऱ्याची, लग्न करून इथे कन्नड मुलखात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि शिवणटिपणाशी माझा छत्तीसचा आकडा. व्हिडिओतली बाई हसत हसत खुंटीला लोकर गुंडाळायची, वर दुसरा वेढा द्यायची आणि आकडीने खालचा फास वरच्यावरून उचलून खुंटीमागे टाकायची. तिची टोपी व्हायची, माझं जाळं. सासूबाई पलंगावरून सूचना द्यायच्या. विणायचं नाही, बोलायचं मात्र भरपूर. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, त्यात आजारानंतर जीभ जड.

“सुटू,” असं मला ऐकू आलं. सुटू दे म्हणतात असं समजून मी फास सोडला. पुन्हा तेच. मी आणखी एक सोडला. घातलेलं सगळं सोडायचंच, तर घालायचं कशाला? त्या डाव्या हाताने कपाळ बडवत राहिल्या, मी सोडत राहिले, आणि सकाळभराची मेहनत उसवून मांडीवर पडली. शेवटी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, अम्मा ‘सुत्तु’ म्हणत असेल. कन्नडात सुत्तु म्हणजे गुंडाळ.

माझं डोकंच फिरलं. कडं त्यांच्या मांडीवर आदळून म्हटलं, “अम्मा, आता तुम्हीच सुत्ता.”

त्यांनीही रागाने कडं ओढून मांडीत दाबून धरलं. डाव्या हाताने दोन वेढे दिले. मग आकडी घेतली, फास उचलला. मग दुसरा. तिसरा निसटला, तो पुन्हा उचलला. यांचं पहिल्याच झटक्यात कसं जमतं म्हणून मी धुसफुसत बघत होते. आकडी उजव्या हातात आहे, हे माझ्याआधी त्यांच्याच लक्षात आलं.

त्या थबकल्या. आकडी धरलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्या हळूच म्हणाल्या, “कोणाला सांगू नको गं. उद्या हात नाही हलला तर?”