रेडिओच्या डोळ्याचा फोटो

सगळा रस्ता त्याला रेडिओ म्हणायचा. सकाळी सलूनचं शटर वर गेलं की याचं तोंड उघडायचं, ते शटर खाली येईपर्यंत. केस कापायला आलेला माणूस डोकं हलकं करून जायचा खरा, पण कुणाचा जावई कशावरून रुसला आणि कुणाची सासू कशी तरली, हे सगळं त्याच डोक्यात भरून न्यायचा.

आणि गंमत बघा, याचा अख्खा जन्म लोकांना 'हलू नका' सांगण्यात गेला. चुळबुळ्या पोरांसाठी तर त्याची खास युक्ती होती. पोराच्या उघड्या तळहातावर कापलेल्या केसांचा एक पुंजका ठेवायचा आणि कानाशी लागून सांगायचं, "हे माझं पाखरू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. जागं झालं तर तुझ्यावर." मग ते पोर श्वाससुद्धा जपून घ्यायचं आणि कात्री कानामागून सुखरूप फिरून यायची. रेडिओच्या बायकोने डबा आणून देताना हा खेळ कितीदा तरी पाहिला होता.

मागच्या वर्षी हा वाचायचा चष्मा करायला गेला आणि डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू पकडला. दुखणं नाही, खुपणं नाही, चोरासारखा गुपचूप आत बसलेला. तेव्हा डोळ्यातल्या नसेचा फोटो काढून थेंब सुरू केले होते. आज दुसरा फोटो. पहिल्याशी ताडून बघायचा. नस आणखी झिजलेली निघाली तर वस्तरा कायमचा खाली ठेवायचा, असं त्याने बायकोला आपणहून कबूल केलं होतं. "डोळा माझा असला तरी गळा गिऱ्हाइकाचा असतो," तो म्हणाला होता.

घाबरली की माणसं गप्प होतात. याचं उलट. फोटोच्या अंधाऱ्या खोलीत शिरता शिरताच तो फोटोवाल्या मुलीला म्हणाला, "खुर्ची झकास आहे तुमची. वरखाली होताना कुरकुरत नाही. माझी तर गिऱ्हाइकाआधी बोलते."

"बसा काका."

काका बसले, मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले.

"काका, दाढी नाही करायची. पुढे या. हनुवटी इथे, कपाळ त्या पट्टीला. आत हिरवा ठिपका दिसेल, त्याच्याकडे बघा आणि बोलू नका."

"छे, बोलतो कशाला. मी काय म्हणतो..."

फोटो हलला. दुसऱ्या वेळी गुडघा नाचत होता, तोही हलला. तिसऱ्या वेळी त्याला विचारायचं होतं की हा ठिपका हिरवाच का.

मुलीने कपाळाला हात लावला. "हे डॉक्टरांना दाखवलं तर त्या मलाच चष्मा लावतील. आधी हे बघा, म्हणजे कशासाठी छळतेय ते कळेल." तिने मागच्या वर्षीचा फोटो पडद्यावर आणला. केशरी गोल चकती आणि मधोमध फिकट खळगा. "ही तुमची नस, समोरून. काचबिंदूत हा मधला खळगा पसरत जातो आणि भोवतीची कडा बारीक होते."

रेडिओने मान तिरकी करून पाहिलं. "म्हणजे टक्कल की. टाळूवर चांद पडतो आणि मग कडेकडेने सरकतो."

"तसंच समजा."

"मग थेंबांनी गेलेलं परत उगवतं?"

"नाही काका. आहे ते टिकावं म्हणून थेंब."

"तुम्ही बऱ्या. तेलवाले असं कधी सांगत नाहीत."

"अहो, तुम्ही गप्प बसणार आहात का?" बायको दाराशी उभी होती. "आज फोटो नाही निघाला तर परत तारीख घ्यावी लागेल. तोवर हा घोर कोण सांभाळणार? मी?"

तो वरमला. पुन्हा हनुवटी टेकवली, पण गुडघा लागलाच नाचायला. तेव्हा बायको पुढे आली. ट्रेमधल्या कापसाचा एक पुंजका तिने तोडला, त्याचा हात उताणा करून मांडीवर ठेवला आणि तळव्यावर तो कापूस ठेवला.

"पाखरू झोपलंय," ती कानाशी म्हणाली. "जागं झालं तर तुमच्यावर."

ही माझीच युक्ती, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलावं तर फुंकर जायची. खाली बघता येत नव्हतं, म्हणून सगळा जीव तळहातात गोळा झाला. गुडघा थांबला. हिरवा ठिपका होता तिथेच राहिला. मशीन बारीक आवाज करत राहिलं.

"झालं," मुलगी म्हणाली. "स्वच्छ."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. बराच वेळ हा बघ, तो बघ चाललं. बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"कडा होती तशीच आहे," बाई म्हणाल्या. "थेंब चालू ठेवा, चुकवू नका. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"टक्कल वाढलं नाही?"

बाईंना काही कळेना. फोटोवाली मुलगी तोंड फिरवून हसत होती.

बाहेरच्या बाकावर बायको म्हणाली, "बोला आता काय बोलायचं ते." तो तळहाताकडेच बघत होता. हात अजून तसाच उताणा होता, त्यावर कापूस. तिने विचारलं, "उठलं का पाखरू?"

"झोपू दे," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळून कडक झाला, तरी रेडिओ वस्तरा वर धरून कालच्या फोटोची गोष्ट सांगत अजून कपाळाच्या पट्टीपर्यंतच पोचला होता.