एकाच बायकोशी दोन लग्नं

रत्नदीप मेश्रामची २००६ साली दोन लग्नं झाली, आणि दोन्ही सुनेत्राशीच. नागपुरात यात कुणालाही वावगं वाटलं नाही. यात वावगं काय असू शकतं, हे त्याला सिंगापूरच्या एका सरकारी काउंटरवर कळलं.

पाणी गाळायच्या पडद्यांवर रत्नदीप डॉक्टरेट करत होता. घरच्यांना तो थोडक्यात 'पाणी गाळतो' म्हणून सांगायचा, आणि एका काकूंनी त्यावर "एवढं शिकून?" असं विचारलंही होतं. त्याचा सिंगापुरातला मुक्काम स्टुडंट पासवर होता. प्रबंध संपला की पास संपणार, आणि पास संपला की विमानतळ. सुनेत्रा मूळची पिंपरीची, एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला होती, आणि पर्मनंट रेसिडेंट असल्याचं निळं कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. दुसऱ्या लग्नानंतर दोघं यिशुनला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये संसार मांडून होते. बायकोने नवऱ्याला स्पॉन्सर करायचं, तिच्या आधारावर त्यानेही निळं कार्ड मागायचं, असा बेत होता. लॅबमधल्या मित्रांनी लगेच विचारलं, की स्पॉन्सरचं नाव टीशर्टवर पुढून छापणार की पाठीवर.

हा मार्ग दाखवला पद्माकर काकांनी. काका बँकेतून निवृत्त झालेले, पासिर रिसला राहणारे, सिंगापूरचे नागरिक; सल्ला मागितलेला नसला तर जास्त उत्साहाने देणारे. त्यांनी जानेवारीतच सांगितलं, "लग्न नागपूरला मे महिन्यात लावा, पोटभर लावा. पण रजिस्टर इथे आत्ताच करून टाका. इथल्या ऑफिसला इथला कागद कळतो."

त्याप्रमाणे जानेवारीतल्या एका शनिवारी दोघांनी इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात सह्या केल्या, काकांनी साक्षीदार म्हणून सही केली, सगळे मिळून डोसा खाऊन घरी आले, आणि सुनेत्रा तिच्या मैत्रिणींच्या फ्लॅटवर परत निघून गेली. कारण लग्न मे महिन्यात होतं. सह्या झाल्या होत्या, लग्न कुठे झालं होतं?

मे महिन्यात नागपूरला ते झालं. दोघं पांढऱ्या कपड्यांत, पुढे बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, आणि मांडवात पाचशे माणूस. रत्नदीपचे वडील भाऊसाहेब जिल्हा परिषदेत ऑफिस सुपरिंटेंडंट होते. निवृत्त झाले तरी टेबल मनातून गेलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं लग्न बौद्ध पद्धतीने लागलं, तेव्हा गावच्या कारकुनाने "हे कसलं लग्न? कुठल्या रकान्यात लिहू?" म्हणून त्यांना तीन चकरा मारायला लावल्या होत्या. तेव्हापासून ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, यावर त्यांची श्रद्धा बसली होती. त्यामुळे वरवधूंवर अजून फुलं पडत असतानाच त्यांनी महानगरपालिकेचा विवाह नोंदणीचा अर्ज पुढे केला. अर्ज त्यांनी आधीच सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता.

"इथं सही कर. तू पण, बेटा."

दोघांनी केली. चार दिवसांत प्रमाणपत्र हातात आलं. भाऊसाहेबांनी त्याचं आणि अर्जाच्या झेरॉक्सचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, त्यावर नोटरीचा शिक्का घेतला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं. "असू दे. कामी येते."

पुढे ऑगस्टमध्ये अर्जाची अपॉइंटमेंट मिळाली, आणि फाईल लावायला काका स्वतः यिशुनला आले. फाईल जाड असली की अर्जाला वजन येतं, हे आपल्याकडचं तत्त्व त्यांनी चाळीस वर्षांच्या परदेशवासातही मोडलं नव्हतं. ऑफिसने मागितलेले कागद झाल्यावर न मागितलेले सुरू झाले. दहावीची गुणपत्रिका. वादविवाद स्पर्धेतलं उत्तेजनार्थ. भन्तेजींसोबतचे फोटो. आणि भाऊसाहेबांची पिशवी, आतल्या भरलेल्या अर्जाच्या झेरॉक्ससकट.

"काका, लग्नाचा दाखला एकच मागितलाय," सुनेत्रा म्हणाली. ती दिवसभर हिशेबात जास्तीचं काढण्याचंच काम करायची.

"एक मागितला तर दोन द्यावेत. माणूस खूश होतो."

"माणूस विचारतो, दोन का?"

"विचारू दे की! सांगायला आपल्याकडे आहे ना."

रत्नदीपने बायकोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि नव्या नवऱ्याच्या विवेकबुद्धीने दोघांनाही चहा केला. पिशवी फाईलमध्ये राहिली.

लव्हेंडर स्टेशनजवळच्या त्या इमारतीत नंबर लागला तेव्हा काउंटरमागे पन्नाशीच्या एक चिनी बाई होत्या. चष्मा साखळीने गळ्यात, आवाज कोरडा. फाईल त्यांनी हातात घेतली, तिचं वजन जोखलं आणि कपाळाला आठी घातली. अर्ज चाळत त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

"लग्न कधी झालं?"

"कुठलं?" रत्नदीप म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला. मग रत्नदीपला सोडून त्या सुनेत्राकडे पाहू लागल्या, आणि त्या नजरेत एका बाईला दुसऱ्या बाईबद्दल वाटणारी काळजी होती.

"याला आणखी एक बायको आहे?"

"नाही मॅडम," सुनेत्रा म्हणाली. "मीच आहे. दोन्हीकडे."

बाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले. मग झेरॉक्सचं भाषांतर काढून त्यावर बोट फिरवत नेलं. वराची विवाहापूर्वीची स्थिती: अविवाहित. वधूची विवाहापूर्वीची स्थिती: अविवाहित.

"जानेवारीत माझ्या देशात तुमचं लग्न झालं. मे महिन्यात तुमच्या देशात तुम्ही दोघंही अविवाहित. मधे घटस्फोट?"

"नाही."

"मग यातलं खोटं कुठलं?"

"ते... माझ्या वडिलांनी भरलंय."

"सही तुमची."

"हो."

"न वाचता सही करता?"

"वरून फुलं पडत होती," रत्नदीप म्हणाला. हे कारण आहे असं त्याला तोंडातून निघेपर्यंत वाटलं होतं.

बाई दोन्ही दाखले घेऊन आत गेल्या.

समोर रिकामी खुर्ची उरली. हा अर्ज आज स्वीकारला, तर उत्तर पास संपायच्या आत येण्याची आशा होती. परत दिला, तर पुढची अपॉइंटमेंट दोन-तीन महिन्यांनी, आणि उत्तर त्याच्याही पुढे सहा महिन्यांनी. तोवर प्रबंध संपलेला, पास संपलेला, रत्नदीप नागपूरला आणि सुनेत्रा यिशुनला. आणि अर्जावर 'खोटी माहिती' असा शेरा पडला, तर पुढची अपॉइंटमेंट कुणी देईल का, हेही माहीत नव्हतं. पाच वर्षं पाणी गाळलेल्या माणसाच्या घशाला कोरड पडली.

"मी येत जाईन नागपूरला," सुनेत्रा हळूच म्हणाली. "उन्हाळा सोडून."

"म्हणजे वर्षातून तीन महिने."

"चार. दिवाळीला थंडी असते ना?"

हसावं की नाही हे दोघांनाही ठरवता आलं नाही. मग तिने काउंटरच्या कडेवरचा त्याचा हात धरला आणि सोडला नाही. लग्न खरं असल्याचा तेवढा एकच पुरावा फाईलमध्ये लावायचा राहिला होता.

बाई परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि अनपेक्षितपणे विचारलं, "मे महिन्यात जेवायला किती लोक?"

"पाचशे," रत्नदीप म्हणाला.

"वाह! माझ्याकडे तीस टेबलं होती." त्यांनी चष्मा काढला. "मीही आधी सह्याच केल्या होत्या. जेवण पुढच्या वर्षी. तोपर्यंत सासूबाई मला 'मिस टॅन'च म्हणायच्या. मी नवऱ्याच्या घरी राहायला गेले तर त्या शेजाऱ्यांना काय सांगणार? सही केली म्हणजे लग्न नाही, जेवण झालं म्हणजे लग्न. इथे सगळ्यांच्या आया अशाच, ला!" वाक्याच्या शेवटचा तो सिंगापुरी 'ला' म्हणजे आपलं 'बरं का'.

दोघांनी नुसत्या माना हलवल्या. बोलून आणखी एखादं लग्न निघायचं, ही भीती होती.

"माझ्यासाठी लग्न जानेवारीचं. मे महिन्यात झाला तो रिवाज आणि जेवण. तसं एका साध्या कागदावर लिहून द्या, दोघांनी सही करा." मग थांबून म्हणाल्या, "वाचून."

रत्नदीपने लिहिलं. सुनेत्राने तीनदा वाचलं आणि एक स्वल्पविराम काढायला लावला. बाईंनी तो कागद आणि जानेवारीचा दाखला अर्जाला टाचला, नागपूरचा परत सरकवला, आणि बाकीचा गठ्ठाही त्याच्या मागून सरकवला. वरच दहावीची गुणपत्रिका होती. "गणित चांगलं आहे. घरी न्या." ठक्क करून शिक्का बसला. पोचपावती हातात आली.

बाहेर आल्यावर रत्नदीपला आठवलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही. समोरच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावर त्याने एक प्लेट नूडल्स खाल्ल्या, मग दुसरी, मग सुनेत्राच्या प्लेटमधले उरलेले कोबीचे तुकडे. तेवढ्यात काकांचा फोन आला. "घेतला ना अर्ज? मी म्हटलं होतं, फाईल जाड असली की काम होतं." सुनेत्राने फोन काढून घेतला आणि सांगितलं की आवाज येत नाही.

मग नागपूरला लावला.

"अर्ज घेतला, बाबा."

"जय भीम! अन् माझा दाखला?"

"परत दिला."

"काऊन? शिक्का नव्हता का त्याच्यावर?"

"शिक्का होता. दाखला पण बरोबर आहे, बाबा. फक्त त्या बाई म्हणाल्या की मे महिन्यात झालं ते जेवण."

भाऊसाहेबांनी विचार केला. "जेवण तर झालंच होतं," ते म्हणाले. "बाई समजदार दिसते."

पत्र पुढच्या फेब्रुवारीत आलं, पास संपायच्या आत. रत्नदीप घरीच प्रबंधाची शेवटची सूची करत होता. पाकिटावर स्पॉन्सरचं, म्हणजे सुनेत्राचं नाव होतं. त्याने ते टेबलावर ठेवलं, खुर्ची समोर ओढली, आणि तिला ऑफिसात फोन केला.

"पत्र आलंय."

"काय म्हणतात?"

"तुझ्या नावाचं आहे. मी कसं फोडू?"

"रत्नदीप," ती म्हणाली, "फोड."

त्याने फोडलं. पहिली ओळ वाचून दाखवली, मग दुसरी, मग सरकारी इंग्रजीतलं अभिनंदन. पलीकडे कुणाचं तरी कॅल्क्युलेटर खडखडत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती अगदी हिशेबाच्या आवाजात म्हणाली, "बरं. आज मी लवकर निघते. स्टेशनवर घ्यायला ये."

तिला यायला अजून दोन तास होते. तो लगेच निघाला.