आबांच्या कानात नाना

गेल्या वर्षी आमच्या रूपाताईला आखाजीला माहेरी पाठवलं नाही, त्याचं कारण म्हणजे आमच्या आजोबांचा, आबांचा डावा कान.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात लेक दिवाळीला नाही आली तर लोक चालवून घेतात. आखाजीला नाही आली तर शेजारणी अशा तोंडानं भेटायला येतात की आपणच विचारावं, कोण गेलं? गेल्या वर्षी मम्मी सांजोऱ्या करत होती आणि प्रत्येक सांजोरीवर थोडं थोडं रडत होती. (यंदा सांजोऱ्या खारट होतील असं मी म्हणाले. त्यावर पुढं काय झालं ते लिहीत नाही.)

कानाचं असं झालं, की ताईच्या लग्नात तिचे सासरे, म्हणजे धुळ्याचे नाना, आबांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "राम राम." आबा समोर बघत राहिले. नाना पुन्हा म्हणाले. आबा समोरच. तिसऱ्यांदा नाना एवढ्या जोरात म्हणाले की बँडवाले थांबले, आणि बँड का थांबला म्हणून आबांनी मान वळवली ती बँडवाल्यांकडे.

झालं. "सावद्याना लोके माजेल शेतस," म्हणजे आम्ही सावद्याची माणसं माजलेली, असं नानांनी धुळ्याला जाऊन जाहीर केलं आणि सुनेचं माहेर बंद.

"अरे, मग सांगून टाका ना त्यांना, की आबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही," मी म्हणाले. (उजव्या कानानंही येतं ते आबांच्या मनात असलं तरच.)

हे मात्र आबांना ऐकू आलं. "मले माजोरडा म्हना, उर्मट म्हना, मी काही बोलायचो नाही. पन बहिरा म्हनलं तर मी या घरातून निंघून जाईन."

"मग मशीन लावा आबा कानाला."

"मशीन म्हातारे लावता."

आबा ऐंशीच्या पुढचे आहेत. पण वाद कोण घालणार, आणि घातला तर ऐकणार कोण?

यंदा आखाजीच्या आधी ताईचा फोन आला. ती मोरीतून बोलत होती, नळ चालू ठेवून. "सोनी, रविवारी नाना येताहेत तुमच्याकडे. म्हणले, एकदा समोर बसतो. माणूस नीट बोलला तर सुनेला पाठवतो, नाही तर कायमचं राहिलं. आबांना नीट उत्तरं द्यायला सांग गं." मग नुसताच नळाचा आवाज. माझी ताई फोनवर रडत नाही, नळ मोठा करते.

तर माझ्याकडे आयुष्यात एकच कला आहे: नकला. बसस्टँडवरची अनाउन्समेंट करणारी बाई, आमचे गणिताचे सर, गल्लीतला कुल्फीवाला, कोणाचाही आवाज काढते. या कलेनं मला आजवर मार सोडून काही मिळवून दिलेलं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, हिचा जन्म याचसाठी झाला होता.

प्लॅन साधा होता. माझे वायरलेस बड्स माझ्या फोनला जोडायचे. फोन आबांच्या खिशात, उजवा बड आबांच्या उजव्या कानात, वरून रुमाल बांधायचा. एप्रिलच्या उन्हात सावद्यात डोक्याला रुमाल नसेल तरच लोक संशय घेतात. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड मम्मीचा फोन घेऊन उभी राहणार, आबांना कॉल चालू ठेवणार, आणि नाना जे बोलतील ते शब्दनशब्द आबांच्या कानात म्हणणार.

आबांना बड्स लगेच आवडले. "हे पोरं घालता ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मग सवय व्हावी म्हणून ते बड्स घेऊन केळीच्या बागेत गेले.

इथं आमचं नशीब फिरलं. बागेत आबा पिलं कापत होते, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले जादा कोंब. कापलं की त्यातून चीक येतो. केळीचा चीक शर्टाला लागला तर माणूस शर्टाचा नाद सोडतो, इतका तो काळा आणि चिवट. त्याच हातानं आबांनी बड काढला, डबीत ठेवला, पुन्हा घातला, पुन्हा ठेवला. सवय चांगली झाली. रविवारी सकाळी मी डबी उघडली तर उजवा बड खाली चिकटून बसलेला, आणि चार्जिंग शून्य.

"खोबरेल लाव," मम्मी म्हणाली.

"मम्मी, हा हात नाहीये."

"हात नाही, पन चीक तर चीकच आहे ना? तेलानंच निघतो." आणि मी काडी शोधेपर्यंत तिनं तेल सोडलंसुद्धा.

चीक निघाला, खोटं कशाला बोलू. पण बड पहिल्यांदा न्हाऊ घातलेल्या बाळासारखा तुळतुळीत झाला आणि बोटात थांबेना. मग कापूस, मग स्पिरिट, मग काडीला कापूस गुंडाळून चार्जिंगच्या त्या पिवळ्या टिकल्या पुसणं. शेवटी एकदाचा दिवा लागला. चार्ज व्हायला लागला. पण फोनला सापडत होता फक्त डावा. म्हणजे नेमका आबांचा जो कान बंद, त्याच बाजूचा बड चालू!

मी व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणाला, "दोस्तों, घबराना नहीं है." त्याला काय जातंय, त्याच्या घरी नाना येणार नव्हते. त्याचं म्हणणं, आधी फोनमधून बड्सचं नाव काढून टाका, मग दोन्ही बड डबीत ठेवा, झाकण उघडं ठेवून मागचं बटण दहा सेकंद दाबून धरा. दिवा लाल-पांढरा झाला की समजा रीसेट झालं.

मी बटण दाबलं. पप्पा मोजायला बसले. सातवर त्यांचा फोन वाजला. "हो नाना, हो हो. भुसावळ सोडलं का? या या." फोन ठेवला आणि पप्पा म्हणाले, "आठ."

"पप्पा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं असतं!"

"का? सात झाले होते ना?"

आबा डबीत डोकावून बघत होते. "दाबून धर. बैल सुटून जाईन अशी ढिली काहून धरते?" एकदा दिवा नुसता लाल झाला. एकदा नुसता पांढरा. एकदा काहीच नाही, तेव्हा मी डबी देवापुढे ठेवून आले. शेवटी दिवा लाल-पांढरा लुकलुकला, फोनवर दोन्ही बड दिसले, आणि मी अशी खाली बसले जशी एकटीनं केळीचा ट्रक भरला.

उजवा बड चार्ज किती झालाय, ते मी बघितलं नाही. आणखी एक गोष्ट बघितली नाही. सकाळी पप्पांनी, पाहुणे येणार म्हणून, माझ्याच फोनवरून हॉलमधल्या स्पीकरवर भजन लावलं होतं. भजन बंद केलं. स्पीकर चालूच होता, शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या फुलांमागे.

नाना आले. बसले. पाणी प्याले. मग आबांकडे रोखून बघत म्हणाले, "राम राम, आबा. कसा शेतस?"

पडद्याआडून मी तेच म्हणाले. नाना नाकातून बोलतात आणि शेवटचा शब्द ओढतात, तर मीही नाकातून ओढला. साध्या आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण अंगातली खोड.

"राम राम, राम राम," आबा म्हणाले. "बरं हाये. तुमी कसे?"

नाना एकदम सैल झाले. मग ऊन, कापूस, धुळ्याचं पाणी, सगळं रीतसर निघालं. माझ्यामुळं आबांचं उत्तर जरा उशिरा यायचं, तर त्यानं उलट वजनच आलं. माणूस कसा विचार करून बोलतो! मला चेव चढला. मी मधूनमधून सूचनाही द्यायला लागले. "आबा, आता हसा. आता पुरे. आता चहाचं विचारा." आबा बरोबर करत होते.

मग बडमधली बाई बोलली. बॅटरी संपत आली की ती इंग्रजीत सांगते. आबा दचकून म्हणाले, "ही बाई कोन?"

"कोनती बाई?" नाना म्हणाले.

"आमची ही," पप्पा घाईनं म्हणाले, "चहा झाला म्हणते."

वाचलो. आणि तेवढ्यात बड मेला. मला पडद्याआड काय कळणार? शोकेसमधून टुडुंग असं काहीतरी वाजलं, मला वाटलं शेजाऱ्यांचा टीव्ही. फोननं माझा आवाज निमूटपणे स्पीकरला नेऊन दिला होता.

इकडे नाना मुद्द्यावर आले होते. "आबा, लगीनमा मी तुम्हले तीनदा राम राम करा. आते तुम्हीच सांगा, माले कसं वाटनं व्हई?"

आणि शोकेसमधून, नानांच्याच आवाजात, नानांच्या दुप्पट मोठ्यानं आलं, "आबा, लगीनमा मी तुम्हले तीनदा राम राम करा!"

मला वाटलं, नाना चिडले, आवाज चढला. म्हणून मी माझाही चढवला. "आते तुम्हीच सांगा, माले कसं वाटनं व्हई? आबा, आता मान खाली घाला. अजून खाली. वाईट वाटल्यासारखं करा. रडू नका, जास्त होईल. यांचं लवकर संपणार नाही, तोवर चहा पिऊन घ्या."

मम्मीनं पडदा बाजूला केला तेव्हा हॉलमध्ये सगळे शोकेसकडे बघत होते. फक्त आबा नानांकडे बघून गोड हसत होते. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तो सोडून सगळ्यांना ऐकू आलं होतं.

"सोनी," नाना म्हणाले, "भायेर ये."

मी आले.

"मना आवाज असा शे का?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा फुलांकडे बघत होते. "हो नाना," मी म्हणाले. "थोडा कमीच काढला."

नाना उठले, आबांच्या उजव्या बाजूला गेले, रुमाल वर करून बघितलं. कानातून खोबरेल तेलाचा वास आला असणार. "आबा," ते कानाशी जाऊन ओरडले, "तुम्हले ऐकू येत नही का?"

"घ्या ना, घ्या," आबा म्हणाले. "चहा गरम हाये."

नाना मटकन बसले. वर्षभराचा राग त्यांच्या तोंडावरून उतरताना मी बघितला, आणि मागोमाग हसू. "म्हणजे मानूस माजेल नही," डोळे पुसत ते म्हणाले, "मानूस बहिरा शे!"

आता आबांना भूकंप झाला तरी ऐकू येत नाही. पण 'बहिरा' हा शब्द त्यांना बांधापलीकडून ऐकू येतो. त्यांनी कानातला बड काढला, नानांच्या बशीत ठेवला, आणि म्हणाले, "कोन बहिरा?" मग आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

रुसलेले नाना आले होते, आता रुसलेले आबा झाले. मनवून घ्यायला आलेल्या माणसालाच मनवायला बसावं लागलं. बिचारे नाना खाटेच्या डाव्या बाजूला बसून बराच वेळ बोलले. शेवटी पप्पांनी त्यांना हाताला धरून उजवीकडे नेलं.

"आबा, मनं चुकनं. रूपाले आखाजीले धाडी देस. चार दिन ऱ्हाऊ द्या."

"म्हैना," आबा भिंतीला म्हणाले.

"बरं, महिना."

"आन् जावई घ्यायला येईन. तव्हाच पाठवू."

"बरं." (हे सगळं आबांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.)

पण दोन मोठ्या माणसांची दिलजमाई नुसती होत नाही, तिला कोणीतरी तिसरं लागतं. नाना म्हणाले, "एवढी मोठी व्हयनी अन् व्याहीनी नक्कल करस." आबा उठून बसले. "मले बाहुलीसारखा नाचवत होती. म्हने, वाईट वाटल्यासारखं करा." मग दोघांनी मिळून माझा उद्धार केला आणि दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला. तो मीच आणून दिला.

ताई आली. महिनाभर राहिली, लिंबाला बांधलेला झोका तिनं सोडला नाही, सांजोऱ्या गोड झाल्या. सगळ्यांचं सगळं चांगलं झालं. आबा आणि नाना आता रोज सकाळी फोनवर बोलतात. विषय एकच असतो: या पोरीला करून घेईल असं घर सापडायचं कुठं? धुळ्याकडचं एखादं स्थळ निघालं की नानाच आधी त्या लोकांना सगळी हकीकत सांगतात. सांगितलेलं बरं असतं म्हणतात.

आबा या कामाला बड्सच वापरतात. पण उजवा बड अजून हळू चार्ज होतो, आदल्या दिवशी पुसून चार्जिंगला लावला नाही तर नानांचं एखादं वाक्य निसटतं. म्हणून तो मी आठवणीनं पुसून लावते.