सहा वाजून दहा : निळा

डॉक्टरसाहेबांच्या फॉर्मवर शेवटचा रकाना ‘शेरा’चा होता, बोटभर रुंद. त्यात काहीच मावायचं नाही. न मावलेलं सगळं माझ्याबरोबर घरी यायचं. वर्षभरात असं बरंच साठलं.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. सासरे, म्हणजे नाना, एसटीतले रिटायर्ड कंट्रोलर आणि डॉक्टरांचे जुने पेशंट. त्यांच्याच शब्दावर मला हे काम मिळालं. मधुमेहाच्या पेशंटला आपला आजार आपणच सांभाळायला शिकवलं तर फरक पडतो का, यावर डॉक्टरांचं संशोधन चालू होतं. दर गुरुवारी जळगावात वर्ग भरायचा. मी फॉर्म भरायचे. नाना पहिल्या बाकावर.

*

घरी रक्त तपासायची सोय आमच्यापैकी कोणाकडे नव्हती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं आणि शेवटी विटेसारखं लाल. लाल म्हणजे फार साखर. रोजचा रंग वहीत लिहायचा.

नशिराबादच्या एका अक्कांना हे घरातल्या चुलीवर चालेना. त्यांनी अंगणात तीन विटांची वेगळी चूल मांडली. सकाळी सकाळी काय शिजतंय ते बघायला शेजारणी जमल्या.

“मनी साखर शे,” अक्का म्हणाल्या, म्हणजे माझी साखर आहे.

त्या दिवसापासून गल्लीतलं कोणी त्यांच्याकडे चहा घेईना.

*

सावद्याच्या एका आबांची केळीची बाग होती. फॉर्ममध्ये प्रश्न होता, गेल्या आठवड्यात केळी खाल्ली का?

“नाही खाल्ली. चाखली.”

“किती?”

“एक फणी असेल.”

मी वर पाहिलं. आबा शांतपणे म्हणाले, “माल पिकला का नाही ते बघायला नको का, ताई?”

सावद्याची केळी हिरवीच ट्रकमध्ये चढतात, हे आबांना माहीत होतं आणि मलाही. ‘शेरा’त मी ‘चाखली’ लिहिलं.

*

पायांच्या वर्गात डॉक्टरांनी प्रत्येकाला छोटा आरसा दिला. पायाला जखम झाली तरी कळत नाही, म्हणून रोज आरशात तळवे बघायचे.

नानांनी तो आरसा दाढीसाठी ओसरीत खिळ्याला टांगला. मी भीतभीत आठवण करून दिली.

“तळवे बघायचे तर वाकावं लागतं, सूनबाई. चौतीस वर्षं नोकरी केली, साहेबापुढे वाकलो नाही. आता पायापुढे वाकू?”

*

नानांची वही मात्र वर्गात आदर्श होती. एसटीच्या वेळापत्रकासारखी. ०६.१० : निळा. ०६.१० : निळा. डॉक्टर ती सगळ्यांना दाखवायचे आणि नाना ताठ बसायचे. घरी येऊन बशीत चहा ओतायचे. “घाला अजून एक चमचा. वही निळी आहे आपली.”

एकदा सकाळी मी मोरीशी गेले, तर नानांनी तपासायला ठेवलेली लघवीची बाटली सासूबाई ओतून टाकत होत्या. नळी रोज त्याच उकळायच्या; आतले थेंबही सासूबाईंचे स्वतःचे होते.

त्या दचकल्या नाहीत. “पहिल्या आठवड्यात रोज लाल यायचं,” त्या म्हणाल्या. “लाल आलं की जेवत नाहीत ते, बोलतही नाहीत. निळं आलं की जेवतात. तू तिकडे काही बोलू नको वं. आता नाव झालंय त्यांचं.”

आतून नानांनी विचारलं, “कोणता?”

“निळा,” सासूबाई म्हणाल्या.

गुरुवारी मी तेच फॉर्मवर उतरवलं. ‘शेरा’ रिकामा ठेवला.

*

थंडीच्या दिवसांत ओसरीभर रक्ताचे ठसे दिसले, एकाच पायाचे. नानांच्या चपलेतून खिळा वर आला होता. किती दिवस, ते कोणालाच सांगता येईना. नानांना दुखलंच नव्हतं.

आठ दिवसांनी पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टर दवाखान्याच्या जिन्यात मला गाठून म्हणाले, “रक्तात एवढी साखर आणि वही निळी. हे कसं काय, ताई?”

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

*

नाना दवाखान्यातच होते. सासूबाई दिवसभर त्यांच्या उशाशी बसायच्या आणि त्यांच्यासाठी नेलेला पाण्याचा तांब्या स्वतःच रिकामा करायच्या. मी पुन्हा भरून आणायचे.

एका सकाळी घरी उठून पाहते, तर त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला होता.

“आई, आता कोणासाठी?”

“सवय लागली गं हाताला.”

नळी त्यांच्याच हातात होती, थेंबही त्यांचेच. निळं उकळायला लागलं. हिरवं झालं. पिवळं झालं. मग विटेसारखं लाल.

त्यांनी दिवा विझवला, नळी धुऊन जागेवर ठेवली. मग नानांची वही आणून माझ्यापुढे उघडली. त्यांना लिहिता येत नव्हतं.

“लिही. दवाखान्यातून आले की आधी वही मागतील.”

“काय लिहू?”

“निळा.”