भिंतीत जळणारे सव्वादोनशे वॅट

कागदावर लिहिलं होतं, 'ओल्या हाताने शेगडी चालू केल्यामुळे माझ्याच चुकीने अपघात झाला.' खाली कौसल्याबाईंची सही हवी होती. सहीचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला होता, म्हणून वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी डाव्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड सोबत पाठवला होता.

धाकट्या बहिणीनं, बेबीनंदानं तो कागद वाचला आणि तिचं डोकं सणकलं.

"अक्का, हात ओला होता?"

"न्हाई गं. बटन दाबलं अन् बोर्डातून जाळच निघाला. आठ दिवसांपासून भिंत गरम लागून राह्यली, सांगितलं होतं मी त्यांला. ऐकतंय कोण?"

भोकरदनच्या त्या मुलींच्या वसतिगृहात कौसल्याबाई अकरा वर्षं स्वयंपाक करत होत्या. बेबीनंदा केदारखेड्यात वायरमनचं काम करायची. तिच्यासोबत आयटीआय केलेल्या दोघी लग्नानंतर घरी बसल्या; हिनं पक्कड सोडली नाही. तिचा राग गावाला माहीत होता. एका घरमालकानं तिला चहा वेगळ्या कपात दिला, तेव्हा अर्धं फिटिंग तसंच टाकून ती शिडी खांद्यावर घेऊन निघून आली होती.

तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला, मीटर घेतलं आणि भोकरदनची बस पकडली.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नवा बोर्ड बसला होता. तीच विजेची शेगडी पुन्हा चालू होती. व्यवस्थापकांशेजारी कारभारी नावाचा वायरमन उभा होता. तिथली वायरिंग त्यानंच केलेली.

"शेगडीच जास्त लोड घेती," तो म्हणाला. "दोन हजार वॅटची हाये. माझ्या कामात बिलकुल खोट न्हाई."

शेगडी चालू ठेवून बेबीनंदानं आधी दाराजवळच्या मेन स्विचवर मोजलं, मग शेगडीच्या बोर्डावर. वायरीभोवती मीटरचा चिमटा लावून करंट पाहिला. मग तो घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिले.

"मेनवर दोनशे तीस व्होल्ट. इथं दोनशे. मधले तीस कुठं गेले?"

"लाईन कमीजास्त होतच असती," व्यवस्थापक म्हणाले.

"शेगडी चालू असताना बी मेनवर दोनशे तीसच हायेत. जे कमी होतंय ते तुमच्या भिंतीत." तिचा आवाज चढला. "करंट साडेसात अँपिअर. तीस भागिले साडेसात, चार ओहम. एवढ्याशा अंतरात चांगल्या वायरीचा अडथळा पाव ओहम बी भरत न्हाई. अन् तीस गुणिले साडेसात, सव्वादोनशे वॅट. शंभर-शंभरचे दोन बल्ब भिंतीत गाडून पेटवल्यासारखं झालं! शेगडीला दोनशे गुणिले साडेसात, पंधराशेच मिळून राह्यले. ती जास्त कुठं घेती? तिला तर कमी पडू राह्यलं!"

कारभारी हसला. "पुस्तकातल्या गणितानं वायरिंग होत न्हाई, बाई."

बेबीनंदानं बोर्डाच्या वरची भिंत चाचपली. एका जागी हात ठेववेना.

"पलीकडं कोण झोपतं?"

"सहावीच्या पोरी," व्यवस्थापक हळूच म्हणाले.

तिनं जाऊन मेन बंद केला. छिन्नी लावून गिलाव्यावर हातोडा घातला. व्यवस्थापक "अहो, अहो" करत राहिले. चौथ्या घावाला ढपला पडला. आत तांब्याच्या वायरीला ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा नुसता पिळून जोडला होता आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती. पिशवी वितळून कोळशासारखी काळी पडली होती.

तिनं शाईचा पॅड कारभारीपुढं आपटला.

"आता तुम्ही लावा अंगठा. माझ्या बहिणीचा हात जळाला, अन् कागद बी तिच्याच नावानं? पोरी जळाल्या असत्या तर त्यांचे बी अंगठे घेतले असते का?"

व्यवस्थापक म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या. कौसल्याबाईंना उद्यापासून कामावर पाठवा. फक्त हे बाहेर नको."

"बाहेरच जाणार," बेबीनंदा म्हणाली. पोरींच्या गाद्या दुसऱ्या खोलीत हलवल्याशिवाय ती तिथून निघाली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं सरकारी विद्युत निरीक्षकांकडे सगळ्या आकड्यांसह लेखी तक्रार दिली.

महिन्याभरानं सरकारी तपासणी झाली. सदोष जोडणीमुळे अपघात झाला, कौसल्याबाईंची चूक नाही, असा अहवाल आला. दवाखान्याचा खर्च वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेनं दिला. पण कौसल्याबाईंची दोन बोटं वाकेनात ती वाकेनातच. त्या पुन्हा तिथं गेल्या नाहीत.

आणि नव्या वायरिंगचं काम संस्थेनं पुन्हा कारभारीलाच दिलं. हे ऐकून बेबीनंदाला रात्रभर झोप आली नाही. मग आठवडाभर ती रोज सकाळी स्वतःच्या तिकिटानं भोकरदनला गेली. प्रत्येक खोलीत लोड लावून तिनं मीटर धरलं. तिसऱ्या आणि सातव्या खोलीत व्होल्ट घसरले. दोन्ही वेळा ती एवढंच म्हणाली, "फोडा." कारभारीनं मुकाट्यानं भिंत फोडली.