उसवलेलं दार

माझा थोरला भाऊ गाड्यांचे पत्रे ठोकतो. 'ठोकतो' म्हटलेलं त्याला खपत नाही. "शिवतो म्हण," म्हणतो. आमची आई कपडे शिवायची, त्यामुळे पत्र्यालाही तो माप, शिवण, दुमड असलेच शब्द लावतो. मी त्याच्याच शेडमध्ये गाड्यांच्या गाद्या शिवते. खऱ्या सुईने.

महायुद्धाआधीची ती इंग्लिश स्पोर्ट्‌स कार आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात उंदरांनी संसार थाटला होता. वासानेच मी नाक दाबून बाहेर पळाले. दादा मात्र हरखून गेला. कंपनीने नुसता सांगाडा आणि इंजिन दिलेलं, वरची बॉडी पहिल्या मालकाने कारागिराकडून अंगाच्या मापाने करून घेतलेली. तो बाबा अगदीच काडीपैलवान असावा, इतकं दार अरुंद. "गाडी रस्त्यावर धावली पाहिजे," गाडीचे आताचे मालक, ते साहेब, म्हणाले, आणि त्या एका वाक्यावर दादाने काम घेतलं. शोभेच्या गाड्यांना तो हात लावत नाही.

त्याने आतली लाकडी चौकट नवी केली. वाळूच्या पिशवीवर ठेवून पत्र्याला गोलाई आणली. अंथरुणात पत्र्याचा कीस सापडायला लागला तेव्हा वहिनीने त्याला शेडमध्येच झोपायला पाठवलं.

गाडी सुरू झाली. साहेब फोटोग्राफर घेऊन आले, ऐटीत आत शिरले आणि पोट दारात अडकलं. आम्ही दोघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. मला हसू आवरेना.

"दार मोठं करा," ते गुरगुरले.

"साहेब, ही मापाची आहे. दार कापलं तर ठेवणच जाईल हिची."

"शिवली म्हणता ना? मग उसवा की!"

दादाचा चेहरा पडला. मी त्याला बाजूला घेतलं. "सरळ नाही म्हण."

"नाही म्हटलं तर ही परत उंदरांत जाईल गं. कापली तर निदान धावेल तरी."

त्याने कापलं. साहेबांची किळस आलीच, पण दादाचाही इतका संताप आला की मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढे गादीचा टाका उसवला म्हणून मला साहेबांच्या घरी बोलावलं. गाडी दिवाणखान्यात, गालिच्यावर, चाकांखाली ठोकळे. वास येतो म्हणून पेट्रोलची टाकी रिकामी केलेली. मी शिवलेल्या गादीवर फुलदाणी!

"चालवता कधी?" मी विचारलं.

"छे हो! रस्त्यावर किती धूळ! पण दार मोठं केलंत ते बरं झालं. पाहुण्यांना आत बसून फोटो काढता येतात."

मला शिसारी आली. टाका घातला आणि निघाले.

शेडमध्ये परतले आणि अबोला मोडून दादाला सगळं सांगितलं. तो उठला, दार मोठं करताना कापून निघालेला, खिळ्याला टांगून ठेवलेला पत्रा काढला, कडा दुमडल्या, मूठ जोडली आणि माझ्यापुढे ठेवला. सुपली झाली होती.

"केर भर यात," म्हणाला. "तेवढा तुकडा तरी वापरात राहू दे."